पुसण्याआधी

जुन्या बंदुकीच्या नळीवर दिसणारी निळसर काळी झाक हा गंजाचाच एक प्रकार आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. गंज म्हटला की खिडकीच्या गजांवरचे तांबूस पापुद्रे, पावसाळ्यानंतर करकरणारी बिजागरी, विळ्याच्या पात्यावरची भुकटी असंच काही डोळ्यांपुढे येतं. पण लोखंड आणि प्राणवायू दर वेळी एकाच तऱ्हेने एकत्र येत नाहीत. ओलसर हवेत चढणारा तांबडा गंज सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो. हाच गंज नुकता धरलेला, अगदी पातळ असताना उकळत्या पाण्यात घातला की काही मिनिटांत काळा पडतो. या काळ्या थरात लोखंडाचे तीन अणू आणि प्राणवायूचे चार असं प्रमाण असतं. रसायनशास्त्रात त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो धातूला धरून बसतो, तेल शोषतो, आणि तेलाची साथ असेपर्यंत तांबड्या गंजाला सहज शिरकाव करू देत नाही.

नळ्यांना रंग चढवणाऱ्या जुन्या कारागिरांची सगळी विद्या या एका बदलाभोवती फिरते. इंग्लंडमध्ये दुनळी बंदुकांवर ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. नळ्या आधी लांबीच्या दिशेने घासून एकसारख्या करायच्या, पण आरशासारख्या नव्हे, कारण फार गुळगुळीत पोलादावर गंज नीट धरत नाही. चारशे नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत गेलं तरी पुष्कळ. मग तेलाचा अंशही राहणार नाही असं धुवायचं, नळ्यांच्या तोंडात लाकडी दट्टे ठोकायचे आणि त्यानंतर उघडं बोट कुठेही लावायचं नाही. लोखंड विरघळवलेल्या सौम्य आम्लाच्या द्रावणात कापसाचा बोळा बुडवून, जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळून, मागून पुढे एकच लांब हात फिरवायचा. त्याच जागेवरून दुसऱ्यांदा फिरवला की तिथे तांबूस डाग पडतो. नंतर नळ्या ओलसर कपाटात टांगून ठेवायच्या. काही तासांनी त्यांच्यावर पिवळसर तांबडी लव धरते. त्या स्वच्छ पाण्यात पंधरावीस मिनिटं उकळायच्या. पाणी नळाचं, क्षाराचं असेल तर चट्टे उठतात, पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित असेल तर नाही. बाहेर काढल्यावर नळ्या मखमली काळ्या दिसतात. ती सैल काजळी अतिबारीक तारेच्या ब्रशने हलक्या हाताने झाडायची. खाली उरतो तो फिकट राखाडी रंग. पुन्हा द्रावण, पुन्हा कपाट, पुन्हा उकळणं. सहा ते दहा फेऱ्यांनंतर रंग गडद व्हायचा थांबतो. मग थांबायचं.

मुद्दाम सगळी कृती सुरुवातीलाच थोडक्यात सांगितली. तपशील, प्रमाणं आणि बिघडलेलं काम सावरायचे उपाय आतल्या प्रकरणांत येतीलच. इथे एवढंच ध्यानात यावं की इतके दिवस खपून जो थर तयार होतो तो एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही जाड नसतो. तो चढवायला आठवडा लागतो आणि बाजारात मिळणाऱ्या फिरत्या बफिंग चाकावर उतरवायला दोन मिनिटं. शिवाय त्या दोन मिनिटांत एकटा रंग जात नाही. नळीवरच्या अक्षरांच्या कडा जातात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखे खळगे पडतात, सपाट पृष्ठभागांच्या धारा गोल होतात, आणि उजेडात धरल्यावर नळी लाटालाटांची दिसू लागते. वर रंग पुन्हा चढवता येतो. गेलेलं पोलाद चढवता येत नाही. हे पुस्तक जुन्या छर्ऱ्याच्या बंदुकीचा धातू आणि लाकूड घरच्या घरी कसं उजळावं याविषयी आहे; पण मला त्यात खरं सांगायचं आहे ते काय पुसू नये याविषयी.

बंदूक घरी उजळायची ही रीत मुख्यतः अमेरिकेची. तिथे आजोबांची बंदूक तळघरात किंवा धान्याच्या कोठारात सापडणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्डवेअरच्या दुकानांतून आणि टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या सूचीपत्रांतून साध्या दुनळी बंदुका शेतकऱ्यांच्या घरोघरी पोचल्या. विंचेस्टरची मॉडेल १२ ही खालची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची बंदूक १९१२ साली बाजारात आली आणि १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वीस लाखांच्या जवळपास बनली. स्वतःच्या मालकीच्या बंदुकीवर स्वतः काम करायला तिथल्या संघीय कायद्याने वेगळा परवाना लागत नाही. दुसऱ्यांच्या बंदुका धंदा म्हणून दुरुस्त करायच्या असतील तर लागतो. त्यामुळे हत्यारं, द्रावणं आणि पुस्तकं पुरवणारा एक व्यवसायच उभा राहिला. आयोवा राज्यातल्या माँटेझुमा नावाच्या छोट्याशा गावात १९३९ साली सुरू झालेली ब्राउनेल्स ही कंपनी त्यातली सर्वांत परिचित. त्याआधी तीन वर्षं, १९३६ साली, आर. एच. अँजियर यांचं नळ्यांच्या रंगकामावरचं पुस्तक निघालं होतं. त्यातल्या जुन्या सूत्रांत नवसागर आहे, हिराकस आहे, मोरचूद आहे आणि रसकापूरही आहे. वाण्याच्या दुकानातली ही यादी वाचून आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचं वाटेल, पण रसकापूर म्हणजे पाऱ्याचा विषारी क्षार. तो असलेलं एकही सूत्र या पुस्तकात घेतलेलं नाही.

आता आपल्याकडचं. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार बंदूक बनवणं, विकणं याप्रमाणेच दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं यालाही परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. म्हणून भारतात परवानाधारकाने घरी करावं ते एवढंच: नळी गजाने साफ करणं, बाहेरून पुसणं, तेल लावणं, दस्ता कोरडा ठेवणं. नळ्या घासून नवा रंग चढवायचा असेल, दस्ता उतरवून नवा करायचा असेल तर बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच न्यावी. मग मराठीत हे पुस्तक कशाला? एक तर परदेशात राहणारे मराठी वाचक आहेत आणि त्यांच्यातल्या काहींनी घरासोबत किंवा सासरच्या वारशातून अशी बंदूक मिळवलेली आहे. दुसरं म्हणजे, आपण काम करत नसलो तरी दुकानदाराला काय सांगायचं आणि मुख्य म्हणजे काय करू नको म्हणायचं, हे मालकाला कळलं पाहिजे.

कारण आपल्याकडे जुन्या बंदुका आहेत. कोकणात आणि गोव्यात शेतीच्या संरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांवर रानडुकरांसाठी, वानरांसाठी बाळगलेल्या बंदुका घराघरांत आहेत. काही ठासणीच्या, काही काडतुसाच्या. काडतुसाच्या जुन्या बंदुका बहुधा बर्मिंगहॅमच्या किंवा बेल्जियममधल्या लीएजच्या. वर नाव कलकत्त्याच्या एखाद्या इंग्रजी दुकानाचं कोरलेलं असलं तरी नळ्यांच्या पोटावरचे शिक्के खरं गाव सांगतात. या बंदुकांची वाट लागते ती वापराने नव्हे. जुलै महिन्यात कुडाच्या किंवा चिऱ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेली बंदूक हवेतलं पाणी पीत असते. निवडणूक जाहीर झाली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि परत येतात तेव्हा नळ्यांवर कुणाच्या तरी बोटांचे तांबूस ठसे उमटलेले असतात. त्यात भर दसऱ्याची. खंडेनवमीला शस्त्र पुजायचं म्हणून नळीवर ओलं गंध लावतात आणि ते तसंच वाळू देतात. पूजेला माझी हरकत नाही. गंध दस्त्याच्या टोकाला लावावं, नळीला फूल वाहावं, आणि संध्याकाळी तेलाचा फडका फिरवावा.

नळ्यांच्या पोटावरच्या शिक्क्यांचा उल्लेख वर आला. बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळ्या वेगळ्या केल्या की मागच्या टोकाच्या खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस संसदेच्या कायद्याने १८१३ साली उभं राहिलं. लीएजमध्ये नळ्या तपासायची व्यवस्था १६७२ पासूनची. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देणारा बार उडवून नळी टिकते का ते पाहणं. टिकली की शिक्का. ब्रिटनमध्ये १८६८च्या कायद्यानुसार असा शिक्का नसलेली बंदूक विकता येत नाही. बर्मिंगहॅमच्या १९०४ नंतरच्या बंदुकांवर मुकुटाखाली बी-पी आणि बी-व्ही ही अक्षरं असतात आणि आधुनिक, धूर न करणाऱ्या दारूसाठी परीक्षा झाली असेल तर एन-पी. लीएजचा ठसा लंबगोलातल्या ई-एल-जी या अक्षरांवरून ओळखावा. त्याच जागी बोअरचा आकडाही असतो. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड. हे माप सुमारे साडेअठरा मिलिमीटर येतं.

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी हे सगळं वाचून, कागदावर उतरवून, उजेड तिरपा पाडून त्याचे फोटो काढावेत. एन-पी नसेल तर ती बंदूक काळ्या दारूच्या जमान्यातली समजावी, आणि कितीही सुंदर उजळली तरी तिच्यात आजचं काडतूस घालू नये. जुन्या इंग्रजी बंदुकांची काडतुसाची खोबण बरेचदा अडीच इंची असते. आजची पावणेतीन इंची काडतुसं तिच्यात बसतात, पण उडताना त्यांचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. नळीची भिंत किती जाड उरली आहे हेही मोजून घ्यावं. इंग्लंडमध्ये इंचाचे वीस हजारांश, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही किमान जाडी सामान्यतः धरली जाते. गंजाचे खड्डे पूर्ण जाईपर्यंत घासणारा हौशी माणूस याच अर्ध्या मिलिमीटरवर घाला घालत असतो. खड्डे राहू द्यावेत. काळ्या रंगाखाली ते दिसतात, दिसोत.

आणखी एक परीक्षा फार जुनी आहे आणि तिला काही साधन लागत नाही. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या लांब पट्ट्या एकमेकांना कथिल-शिशाच्या झाळणाने जोडलेल्या असतात. नळ्या बंदुकीपासून वेगळ्या करून खालच्या आकड्याला दोरीने टांगाव्यात आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. झाळण सलग असेल तर नळ्या खणखणतात आणि नाद रेंगाळतो. कुठे सुटलं असेल तर आवाज बद्द येतो. बद्द आवाजाच्या नळ्या उकळत्या पाण्यात घालायच्या नाहीत, कारण फटीतून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही आणि पट्टीखाली वर्षानुवर्षं गंज शिजत राहतो.

इथेच दुनळीची आणि एकनळीची वाट वेगळी होते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कारखान्यांनी हळूहळू चढवायच्या गंजाऐवजी गरम क्षारांची पद्धत घेतली: कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेट यांचं दाट द्रावण साधारण एकशेचाळीस अंश सेल्सिअसला उकळत ठेवायचं आणि त्यात भाग बुडवायचे. अर्ध्याएक तासात झळझळीत काळा रंग येतो. मॉडेल १२सारख्या एका नळीच्या बंदुकीला ते चालतं. दुनळीला नाही. त्या तापमानाला झाळण वितळत नाही हे खरं, पण कॉस्टिक सोडा कथिलाला खातो आणि पट्ट्यांखाली शिरून बसतो. कित्येक महिन्यांनी पट्टी उचलली जाते. घरी तर ही पद्धत कुणीच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उकळत्या कॉस्टिकमध्ये पाण्याचा थेंब पडला तर ते उसळून अंगावर येतं, आणि डोळ्याला दुसरी संधी नसते. दुसऱ्या टोकाला बाटलीतून मिळणारे थंड रंग आहेत. त्यांत सेलेनियमचं संयुग आणि तांब्याचा क्षार असतो. कापसाने लावले की पोलादावर मिनिटभरात काळपट पुट धरतं. एखादा ओरखडा, स्क्रूचं डोकं, घासलेली कड यांसाठी ते उपयोगी. सबंध नळीवर ते ढगाळ दिसतं, घामाने उतरतं, आणि हाताला बराच वेळ कुबट धातूचा वास राहतो. हातमोजे घालावेत, सेलेनियम विषारी आहे.

दमास्कस नळ्यांचं प्रकरण मी लांबवलं आहे, ते आवडीपोटी. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या पिळाची फीत सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडायची आणि तिचीच नळी करायची, हे काम लीएजजवळच्या व्हेद्र नदीच्या खोऱ्यात पहिल्या महायुद्धापर्यंत जोरात चालत असे. नावावरून भारतीय पोलादाच्या तलवारींशी त्याचा संबंध जोडला जातो. तो तसा नाही: तलवारींचं जौहर मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या पोटातूनच उमटतं, तर नळीची नक्षी ही दोन वेगळ्या धातूंची ठोकून केलेली वीण आहे. पण दोन्ही दिसतात त्या गंजामुळेच. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने गंजतात, म्हणून हलक्या आम्लात नक्षी उघडते. अमेरिकेत स्वस्त बंदुकांवर अशी नक्षी साध्या पोलादी नळीवर वरवर उमटवूनही विकली गेली. हौसेने घासायला बसावं आणि पहिल्या फडक्याबरोबर दमास्कस पुसून जावं, असा प्रसंग तिथल्या मंडळींना नवीन नाही. खऱ्या दमास्कसची नक्षी घासून गेली तरी आत असतेच, आणि तपकिरी रंगाच्या फेऱ्यांनी पुन्हा वर येते. ती बंदूक मात्र भिंतीवर शोभेला ठेवावी. पिळाच्या जोडांत मळ आणि गंज कुठवर गेला आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

ज्या पोलादी ठोकळ्यात घोडे आणि चाप बसतात त्या अ‍ॅक्शनवर निळे, जांभळे, तपकिरी ढग दिसतात. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या बंद डब्यात तो भाग तासन्‌तास लालबुंद तापवून पाण्यात टाकल्यामुळे ते येतात. पृष्ठभाग कठीण होणं हा मूळ हेतू, रंग हा त्याचा मागमूस. हाताळून आणि उन्हाने ते ढग फिके पडतात. अमेरिकेत काही जण गॅसच्या ज्योतीने तसलेच रंग आणून दाखवतात. दिसायला जवळपास तसेच, आणि त्या उष्णतेने भागाचा कठीणपणा गेलेला. यावर पुस्तकात प्रकरण नाही. कळीच्या आतल्या भागांवर, चापाच्या वजनावर, सेफ्टीवरही नाही. ते काम प्रशिक्षित कारागिराचं.

लाकडाकडे वळताना माझा हात सैल सुटतो हे कबूल करतो, कारण लाकूड धातूपेक्षा जास्त सोसतं. दस्ता बहुतेक अक्रोडाचा: इंग्रजी बंदुकांना युरोप-आशियातला, अमेरिकन बंदुकांना तिथला काळा अक्रोड. अ‍ॅक्शनला लागून असलेला दस्त्याचा भाग बरेचदा काळाठिक्कर आणि मऊ झालेला असतो. बंदूक नळी वर करून वर्षानुवर्षं ठेवली की धातूला लावलेलं तेल ओघळून याच भागात जिरतं. मऊ लाकूड धक्का पेलत नाही आणि मग तिथेच चीर पडते. म्हणून जुने लोक बंदूक नळी खाली करून ठेवत. आजही तसंच करावं. जिरलेलं तेल काढायला खडूची बारीक पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून तिचा लेप लावतात. लेप वाळतो तसा तेल ओढून पिवळा पडतो. तो झाडून दुसरा लावायचा, पूड पांढरी राहीपर्यंत. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही.

खोचा आणि चिरा यांत फरक करायला शिकावं. लाकडाचे धागे दबले असतील तर ओलं कापड ठेवून त्यावर गरम इस्त्रीचं टोक टेकवलं की वाफेने ते फुगून वर येतात. कधीकधी खोच पूर्ण नाहीशी होते. धागे तुटले असतील तर कितीही वाफ द्या, काही होत नाही. अशी चीर भरण्यापेक्षा राहू द्यावी. जुनं रोगण पॉलिश पेपरने न काढता द्रावकाने मऊ करून पुसावं. पेपर वापरावाच लागला तर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, आणि लाकूड जिथे धातूला भेटतं त्या कडेपासून दूर. कारखान्यात लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. घासून ते खाली गेलं की उजळलेली बंदूक लांबूनच ओळखू येते. मुठीवरच्या जाळीदार रेघांत तर पेपर शिरूच देऊ नये. तिथे दात घासायचा जुना ब्रश आणि धीर.

त्यानंतर तेल. इंग्रजी दस्त्यांचा लालसर तपकिरी रंग येतो तो जवसाच्या तेलात भिजवलेल्या अल्कानेटच्या मुळ्यांमुळे. ही मुळी आपल्या रतनजोतीची सख्खी बहीण. दोन्हींतून तेलाला तोच माणकासारखा रंग उतरतो, आणि पाण्यात तो उतरत नाही. जवस तर विदर्भाचंच पीक. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं म्हणून ते लाकडाला चालतं; शेंगदाण्याचं किंवा खोबरेल वर्षानुवर्षं ओलंच राहतं. घाण्याचं कच्चं जवस तेल वाळायला बरेच दिवस घेतं, तर बाजारात उकळलेलं म्हणून मिळतं त्यात वाळण्याची गती वाढवणारे धातूंचे क्षार असतात. अमेरिकेत बर्चवुड केसी कंपनीचं ट्रू-ऑइल लोकप्रिय आहे. ते लवकर वाळतं आणि चकाकतं. मला ती चकाकी जुन्या दस्त्यावर उपरी वाटते, पण हा आवडीचा प्रश्न झाला. तेल कोणतंही असो, बोटाच्या टोकावर मावेल इतकंच घ्यावं आणि तळहात गरम होईपर्यंत चोळावं. जाड हात दिला की वर साय धरते आणि खाली चिकट राहतं. इंग्लंडमधल्या चांगल्या दुकानांत या एका कामाला काही आठवडे, कधी महिनेही देतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर ते सुरूच करू नये. तेल वाळत नाही आणि त्यावर बुरशी चढते.

तेलाचे बोळे आणि चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चुरगळलेल्या चिंधीत ती साठत जाते आणि काही तासांत, कुणी काडी न ओढता, चिंधी पेटते. दोरीवर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

किमतीचा प्रश्न लोक विचारतातच. संग्राहकांच्या बाजारात मूळ झाकेचा, ठिकठिकाणी विरलेला, करड्या पोलादाचा नग नव्याने काळा केलेल्या नगापेक्षा बहुधा महाग जातो. मॉडेल १२ असो की बर्मिंगहॅमची चांगली दुनळी, मूळ रंग पन्नास टक्के उरला असेल तरी त्याला हात लावू नये असं मी सांगतो. ज्या बंदुकीवर आधीच कुणी बफिंग चाक चालवलं आहे, जिचा दस्ता कुणी फर्निचरच्या रोगणाने रंगवला आहे, जी तळघरात भिजून सगळीकडे तांबडी झाली आहे, तिच्यावर खुशाल शिकावं. पुस्तक वाचून निम्म्या वाचकांनी बंदूक फक्त पुसून, तेल लावून परत ठेवायचं ठरवलं तरी मला वाईट वाटणार नाही. फडका, तेल, अत्यंत बारीक स्टील वूल आणि एक तांब्याचं जुनं नाणं एवढ्यावर सुटा गंज बराचसा निघतो. तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडत नाही.

प्रकरणांचा क्रम मी रूढ पुस्तकांपेक्षा उलटा ठेवला आहे. पहिलं प्रकरण बंदूक रिकामी आहे ना हे पाहण्याचं, आणि काडतुसं कामाच्या खोलीत का नकोत याचं. दुसरं शिक्के, मापं आणि फोटोंचं. तिसरं स्क्रूंचं, कारण बंदुकीच्या स्क्रूची खाच साध्या स्क्रू ड्रायव्हरच्या पात्यापेक्षा बरीच अरुंद असते. पातं त्या खाचेच्या मापाने घासून घेतल्याशिवाय पहिल्याच स्क्रूचं डोकं कुरतडलं जातं, आणि उंची बंदुकीवर सगळ्या खाचा नळीच्या रेषेत बसवलेल्या असतात, त्या नव्या स्क्रूने जुळत नाहीत. मग लाकूड, आणि सर्वांत शेवटी पोलाद. लाकडाचं काम करताना हात बसतो. शिवाय दस्ता तेलाने वाळत असताना नळ्यांच्या फेऱ्या चालू शकतात. नळ्या शेवटच्या उकळीतून काढल्या की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवाव्यात, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, आणि गरम असतानाच तेलात न्हाऊ घालून रात्रभर तशाच ठेवाव्यात. सकाळी त्या पुसल्यावर पहिल्यांदा निळसर झाक दिसते. तोवर त्या कोळशासारख्या काळ्या असतात, आणि काम बिघडलं असं समजून पुन्हा घासायला घेणारे पुष्कळ भेटतात.